फुलीची भिंत

आत्या बँकेत गेली होती, तेवढ्या दोन तासांत मी तिच्या घराची एक भिंत पाडली. भिंत आपोआप ढासळली वगैरे नाही. जागेवर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, वरून खाली अशी रीतसर पाडून घेतली. आणि जी पाडायची होती ती चार पावलांवर सुखरूप उभी होती.

गवंड्यानं मला तीनदा विचारलं होतं. ह्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणतात, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी. त्यानं बांधलेली भिंत अगदी सुतात उभी असते, पण तो स्वतः मात्र जन्मापासून डावीकडे कललेला आहे. घण उचलण्याआधी तो म्हणाला, "हीच ना?" मी म्हटलं, हीच. दुसऱ्यांदा त्यानं भिंतीला हात लावून विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, तेव्हा मी जरा चिडलोच. आत्या सकाळी निघताना म्हणाली होती, "खडूनं खुणा केल्यात, त्याप्रमाणे करा." मागच्या खोलीच्या भिंतीवर हातभर मोठी फुली होती. पहिलीपासून पदवीपर्यंत माझ्या वह्यांवर इतक्या फुल्या पडल्यात की त्या विषयात माझा शब्द शेवटचा मानायला हरकत नव्हती. फुली म्हणजे चूक. चूक म्हणजे काढून टाका.

आत्या आली तेव्हा धूळ खाली बसत होती. मागची खोली आणि न्हाणीघर यांच्यामधल्या भिंतीला, एक माणूस आरामात जाईल एवढं, वरपासून खालपर्यंत खिंडार पडलं होतं आणि जिथे पलंग यायचा होता तिथून थेट कमोड दिसत होता. कमोडही आमच्याकडे बघत असल्यासारखा वाटत होता. आत्यानं खांद्यावरची पिशवी काढली नाही.

"ही का पाडली?"

"फुली होती."

"फुली म्हणजे बटण," आत्या म्हणाली.

आता हे सांगायला हवं. आत्यानं तीस वर्षं शिवणकाम केलं. शिंपीकामात, निदान तिच्या दुकानात, कापडावर खडूची फुली म्हणजे इथे बटण येणार, काहीतरी लागणार. त्या भिंतीवर तिला कपाट टांगायचं होतं. कापायची जागा ती तुटक रेषेनं दाखवते, आणि तशी तुटक रेष बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर होती, गुडघ्याच्या उंचीवर. ती मी पाहिली होती. आधीच्या मालकाच्या पोरांनी रेघोट्या ओढल्या असतील असं समजून मी ती ओळंब्याकडून ओल्या फडक्यानं पुसूनही घेतली होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायली आणि एवढंच म्हणाली, "पदवीधर, तू मला एक भिंत देणं लागतोस."

पदवीधर हे माझं नाव नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच, आणि त्यानंतर दीड वर्षं घरी बसलेलाही मीच, म्हणून आत्यानं ठेवलेलं हे नाव. घरी बसून माझी पाठ धरेल म्हणून तिनं मला कामावर घेतलं होतं. विटा मोजायच्या, टेम्पोवाल्याशी भांडायचं, लादीच्या दुकानात रंग बघून यायचा. भिंती पाडणं माझ्या कामात मोडत नव्हतं.

आत्या घरं विकत घेते, नीट करते आणि विकते. असं सांगितलं की लोकांना वाटतं बाईजवळ पैशाची खाण असेल. तिच्याजवळ दोन शिलाई मशिनं, एक दुकान आणि दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर होतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, वर्षभर अंथरुणावर होते आणि मग गेले. त्यानंतर काही महिन्यांनी दुकानाशेजारची खोली विकायला निघाली. ओल आलेली, फुगलेली भिंत, आत शिरलं की नाकाला रुमाल. कुणी घेईना. आत्यानं शिवणाच्या साठवलेल्या पैशांत ती घेतली. घेण्याआधी भिंतीच्या मागच्या अंगाला जाऊन आली होती. गच्चीवरच्या पाण्याचा पाइप मधोमध फुटलेला होता. तेवढा एक पाइप बदलला, भिंत सुकू दिली, रंग दिला, आणि चार महिन्यांत ती खोली एका औषधवाल्याला विकली. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले की हे नशीब. दुसरं घर अंधारं होतं. तिथे तिनं फक्त मुख्य दार एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेलं आणि तेही विकलं. वडील म्हणाले, योगायोग. तिसऱ्यांदा विकलं तर काय म्हणायचं हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

घर बघायची तिची रीत वेगळी. ती घर बघत नाही, कापड बघतात तसं चाचपते. भिंतीवरून तळहात फिरवते, पोपडा चिमटीत धरून चुरते, वास घेते. प्रत्येक खोलीत तांब्याभर पाणी जमिनीवर ओतते आणि ते कुठे जातं ते बघत बसते. हे सगळं करताना ती एक अक्षर बोलत नाही, आणि त्या गप्प राहण्यानं विकणाऱ्याचा जीव इतका कासावीस होतो की तो आपणहून घराचे दोष सांगायला लागतो. एका गृहस्थांनी तर घराचे सांगून झाल्यावर स्वतःच्या भावाचेही सांगितले होते.

तिसरं घर हे. बैठं, चार खोल्यांचं, पाया मजबूत, बाकी सगळ्याचे बारा वाजलेले. आधीच्या दोन घरांपेक्षा बरंच मोठं. त्यासाठी तिनं दुकानावरचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवलं. मुदत सहा महिने. सहा महिन्यांत हे घर विकून पैसे भरले नाहीत तर राहतं घर जाणार. जिथे मामांचं शेवटचं वर्ष गेलं ते घर. भिंत पाडली तो दिवस दुसऱ्या महिन्यातला होता.

दुसऱ्याच दिवशी दलाल आला. ह्याला आम्ही शेवटचं-बोला म्हणतो, कारण भाव विचारताना त्याचं पहिलं वाक्य तेच असतं. हे घर त्याला स्वतःलाच हवं होतं, पण आत्यानं त्याच्या आधी बाजी मारली होती. तो खिंडारासमोर उभा राहिला, आत डोकावला, परत मागे आला आणि पलंगाच्या जागेवरून पुन्हा पाहिलं.

"ताई, पडल्या पडल्या दर्शन. नवीन फॅशन आहे का?"

मग त्यानं जी रक्कम सांगितली ती आत्यानं घर घेताना मोजलेल्या रकमेहूनही कमी होती. वर म्हणाला, मी तुमच्या भल्याचं सांगतोय, शेवटचं बोला.

"शेवटचं मी शेवटी बोलेन," आत्या म्हणाली आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवण्यासाठी मलाच दारापर्यंत पाठवलं. मी अपराधी, त्यामुळे त्याच्या स्कूटरला किकही मीच मारून दिली.

संध्याकाळी वडील आले. त्यांनी खिंडार पाहिलं, मला पाहिलं, आणि दोन्हींत फारसा फरक नसल्यासारखे मान हलवत राहिले. मग बहिणीला म्हणाले की शिवणकाम करत होतीस तेव्हा चुकलं तर एक बाही वाया जायची, आता अख्खं घर वाया जाईल. आत्या कंदिलासारखा बल्ब हातात धरून भिंतीची कड बघत होती.

"दादा, जरा सरक. उजेड अडवतोयस."

ओळंब्यानं हिशेब मांडला. नवीन विटा, दोन दिवस, वर गिलावा, चार दिवसांत भिंत होती तशी. आत्या म्हणाली, थांब. मग तीन दुपारी ती त्या खोलीत उलट्या बादलीवर बसून राहिली. मी अधूनमधून चहा नेऊन देत होतो. ती चहा घेई, माझ्याकडे बघत नसे. मला वाटलं, धक्का बसलाय. ओळंब्याला वाटलं, रागावलीय. तो माझ्यापासून दोन हात लांबच उभा राहायचा, म्हणजे राग उडालाच तर शिंतोडे नकोत.

चौथ्या दिवशी तिनं हाक मारली. "इकडे ये. माझ्या खांद्यावर हात टाक."

टाकला.

"असा नाही. अंग टाक. पाय नीट उचलत नाहीत असं चाल."

मी तिच्यावर रेलून, पाय फरफटत चालायला लागलो. ओळंबा हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. खिंडाराच्या तोंडाशी ती थांबली. तिचा एक खांदा भिंतीच्या तुटक्या कडेला घासत होता. तिनं गळ्यातली टेप काढली, तशीच माझं वजन पेलत माप घेतलं आणि कडेवर खडूनं तुटक रेष ओढली. पुन्हा मागे, पुन्हा चाल. "अजून चार बोटं." पुन्हा रेष, आणि प्रत्येक रेषेपर्यंत ओळंबा छिन्नीनं कड फोडून देई. अशा पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेला आम्ही दोघं शेजारी शेजारी, कुठेही न घासता, आत गेलो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानावरच्या घरातलं न्हाणीघराचं दार अरुंद आहे. मामांना न्यायचं म्हणजे आत्या आधी आत शिरायची, उलटी, मागे मागे, आणि त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना आडवं करून ओढून घ्यायची. मामा स्वतःच म्हणायचे, आम्हा दोघांचा खेकडा झालाय. दिवसातून सात-आठ वेळा, वर्षभर. खडू डबीत ठेवता ठेवता आत्या म्हणाली, "दुकानात कात्री भलतीकडे गेली की मी तिथे खिसा काढायचे. गिऱ्हाईक खिशाचे वेगळे पैसे द्यायचं."

मग खिसा काढायचं काम सुरू झालं. खिंडाराच्या दोन्ही कडा ओळंब्यानं अशा सरळ केल्या की चाकूनं कापल्यासारख्या. त्यावर सरकतं दार आलं, एका बोटानं हलेल असं. उंबरा काढला. खोलीची आणि न्हाणीघराची जमीन एका पातळीत आली, पण पाणी खोलीत येणार नाही इतका उतार, जो डोळ्याला दिसत नाही, फक्त तांब्याभर पाण्याला कळतो. तो उतार साधेपर्यंत ओळंब्यानं तीनदा लादी उखडली. दिव्याचं बटण हाताला येईल असं खाली घेतलं. भिंतीला स्टीलची दांडी लावली, आणि ती कुठल्या उंचीवर लावायची हे ठरवायला मला पुन्हा दोन दिवस आजारी पडायला लागलं. बटणाची, दांडीची, आरशाची, सगळ्यांची जागा फुलीनं दाखवलेली होती. प्रत्येक फुलीपाशी मी आधी विचारत होतो. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "श्वास घ्यायलाही विचारणार आहेस का?"

स्वयंपाकघराची भिंतही पाडली. ती तुटक रेष तिनं दुसऱ्यांदा काढली आणि खाली मोठ्या अक्षरांत "पाडा" असं लिहिलं. खास माझ्यासाठी.

चौथा महिना संपताना घर तयार झालं. खरं सांगतो, ते घर बघून मला अभिमान वाटला. पण लोक यायचे, बघायचे आणि जायचे. एका जोडप्याला गच्ची हवी होती. एका गृहस्थांनी सगळं पसंत केलं आणि शेवटी कळलं की त्यांना भाड्यानं हवं होतं. एक बाई दांडीला हात लावून म्हणाल्या की इथे दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. पाचवा महिना गेला. शेवटचं-बोला दर आठवड्याला यायचा, बाहेरच स्कूटर उभी करायचा आणि कुंपणावरून विचारायचा, "ताई, कसं काय?" वडील आता टोमणे मारत नव्हते. त्यांनी माझ्या आईला गुपचूप विचारलं होतं की आत्या आपल्याकडे राहायला आली तर कुठली खोली द्यायची. हे आत्याला कळलं. त्या दिवशी तिनं मशिनवर एक शिवण तीनदा उसवली.

मशीन तिनं सोडलं नव्हतं. संध्याकाळी दुकान उघडून बारीकसारीक कामं करायची. मुदत संपायला बारा दिवस उरले होते, तेव्हा तिची एक जुनी गिऱ्हाईक आली. दवाखान्यात परिचारिका. गणवेश कमरेत सैल करून हवा होता. मी कोपऱ्यात काजं मोजत बसलो होतो. आत्या तोंडात टाचण्या धरून कमरेचं माप घेत होती आणि परिचारिका बोलत होती. बाबा बस चालवायचे, आता निवृत्त. पायाचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर धरून चालतात. तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिना चढवत नाही. खाली बैठं घर बघतोय, अकरा घरं बघून झाली. प्रत्येक घरी बाबा न्हाणीघराच्या दारापर्यंत जातात आणि म्हणतात, वळायला जागा नाही, चला.

आत्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"उद्या दुपारी त्यांना घेऊन या," ती म्हणाली आणि गणवेशाच्या कागदावरच घराचा पत्ता लिहून दिला. गणवेश पहाटेपर्यंत शिवून ठेवला की काय कोण जाणे, पण सकाळी तो इस्त्री होऊन टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी शेवटचं-बोलाही आला. त्याच्या अंदाजानं फळ पिकलं होतं. खिशात इसाराची रक्कम आणि लिहून आणलेला कागद. तो बैठकीत खुर्ची ओढून बसतो न बसतो तोच बाहेर रिक्षा थांबली.

बसड्रायव्हर उंच होते, आवाज इंजिनवरून बोलायची सवय असलेला. त्यांनी बैठक बघितली नाही. ज्या स्वयंपाकघराची भिंत पाडून आम्ही उजेड आत आणला होता त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "न्हाणीघर कुठंय?" एवढंच विचारलं आणि वॉकर टेकत मागच्या खोलीत गेले. आम्ही सगळे मागे.

सरकत्या दारासमोर ते थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एका बोटानं दार सरकवलं. आत गेले, वळले, बाहेर आले. मग उलटे, मागे मागे आत गेले. वॉकर कुठेही लागला नाही. मग वॉकर बाजूला ठेवून मुलीला हाक मारली. ती बाजूला आली, त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला, आणि दोघं शेजारी शेजारी, सरळ, आत गेले. मी आत्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, जणू पाणी कुठे जातंय ते पाहत होती.

मग ड्रायव्हरसाहेब दांडी धरून बाहेर आले.

"एका फटक्यात वळतं," ते म्हणाले. "हे दार इतकं रुंद करायचं कुणाला सुचलं?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं आधी भिंत पाडली. सुचलं नंतर."

किंमत विचारली. आत्यानं सांगितली. तीच, जी तिनं घर घेतलं त्या दिवशी ठरवली होती, वर खिशाचे वेगळे. परिचारिकेनं थोडं कमी होईल का विचारलं. आत्या म्हणाली, किंमत कमी होणार नाही, पण पुढच्या पायरीला उतार बांधून देते आणि आत बसायला घडीची फळी लावून देते. बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं.

तेवढ्यात शेवटचं-बोलानं आत्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या कानाशीच. म्हणाला, ताई, हीच किंमत मी देतो, वर थोडे जास्त, सगळे आज, ह्यांचं कर्ज कधी मंजूर होणार आणि तुमची मुदत कधी संपणार. आणि तो खोटं बोलत नव्हता.

"नको," आत्या म्हणाली. "हे ह्यांच्या मापाचं झालंय. तुमच्या अंगावर चढायचं नाही."

"ताई, शेवटचं बोला."

"तेच बोलले."

ड्रायव्हरसाहेबांच्या निवृत्तीच्या पैशाचं बरंचसं काम आधीच झालेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आत्याला ते कळलेलं नव्हतं. तरी ती नको म्हणाली, हे मी कुणालाही सांगताना मुद्दाम सांगतो. मुदतीच्या तीन दिवस आधी पैसे बँकेत भरले गेले. गहाणाचा कागद घेऊन आत्या चालत घरी आली, रिक्षा न करता, वाटेत ओळखीच्या प्रत्येक दुकानाशी थांबत. वडील पायऱ्यांवर वाट बघत होते. नशीब झालं, योगायोग झाला, आता काय म्हणतात म्हणून मी कान टवकारले. ते म्हणाले, "मला पहिल्यापासून खात्री होती." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते लगेच चप्पल शोधायला लागले.

त्याच आठवड्यात आत्यानं ओळंब्याला दुकानावरच्या घरी बोलावलं आणि न्हाणीघराचं अरुंद दार रुंद करून घेतलं. मी विचारलं, आता कशाला. ती म्हणाली, "असू दे."

सध्या चौथं घर चालू आहे. मी धीर करून विषय काढला की त्या घरात मी भिंत पाडली नसती तर दार झालं नसतं, दार झालं नसतं तर घर विकलं नसतं, तेव्हा ती भिंत आता फिटली असं धरायला हरकत नाही. आत्या म्हणाली, घर मी विकलं, भिंत तू पाडलीस, दोन्ही वेगळं. मग मी ठरवलं की देऊन टाकू. चौथ्या घराच्या मागच्या अंगणात एक आडोशाची भिंत हवी होती. तीन दिवस खपून मी ती स्वतःच्या हातानं बांधली. कमरेइतकी झाली तेव्हा ओळंब्यानं दोरी सोडून बघितलं, एक पाऊल मागे झाला, मान डावीकडे कलती केली आणि म्हणाला, "माझ्यावर गेलीय."

आत्या आली. भिंतीभोवती एक फेरी मारली, तळहात फिरवला, आणि डबीतून खडू काढून खालच्या विटांवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेष ओढली. तुटक.

ह्या वेळी मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी घण आणायला गेलो.